समुद्राला दोष देऊ नका

वीस वर्षांहून जास्त नोकरी झाल्यावर यंदाच्या मे महिन्यात पहिल्यांदा एकट्याने सुट्टीवर निघालो. बायकोच्या कॉलेजात पेपर तपासणी आणि मुलाचे क्लास चालू होते. "तू जाऊन ये, घरी बसून आमची परेड घेऊ नकोस," असा हुकूम मिळाला. पोस्टिंग रांचीला असल्याने हटियाहून तपस्विनी एक्सप्रेस धरली आणि सकाळी पुरीला उतरलो. नऊ वाजता मी समुद्रात होतो आणि सव्वानऊला आपण परत बाहेर येऊ याची मला खात्री उरली नव्हती.

पुरीच्या किनाऱ्यावर नोलिया असतात. हे मूळचे आंध्राकडचे, घरात तेलुगू बोलणारे कोळी. काही मासेमारी करतात, काही पर्यटकांना हाताला धरून लाटांत नेतात. त्यांच्यापैकी एक वयस्क गृहस्थ मला म्हणाले, "बाबू, उधर नहीं, इधर नहाओ." मी हसून म्हणालो, "दादा, तैरना आता है."

येतंच होतं की! एनडीएत पोहण्याची परीक्षा पास झाल्याशिवाय सुटका नसते. तिथे पहिल्यांदा पाण्यात पडलेली दुष्काळी भागातली पोरंही उस्तादांच्या आरडाओरड्यात पोहायला शिकली. पण ते पोहणं तरणतलावातलं होतं.

समोर दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या आणि मधला वीस-पंचवीस पावलांचा पट्टा मात्र शांत होता. मला तीच सोपी वाट वाटली. घात लावायला शत्रू सोपी वाटच निवडतो, हे मी जवानांना वर्षानुवर्षं शिकवत आलोय. इथे मात्र विसरलो.

लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी कुठून तरी परत जातंच. वाळूच्या दांड्यात जिथे फट असते, तिथून ते अरुंद ओढ्यासारखं जोरात आत जातं. तिथे लाटा फुटत नाहीत, म्हणून तो पट्टा शांत दिसतो. हा ओढा माणसाला खाली खेचत नाही, आत नेतो. माणूस घाबरून सरळ किनाऱ्याकडे हात मारत राहतो आणि दमून बुडतो. मीही तेच केलं. प्रत्येक हाताबरोबर किनाऱ्यावरच्या छत्र्या लहान होत गेल्या. शेवटी तेच नोलिया टायरची ट्यूब घेऊन बाजूने आले आणि मला आडवं ओढत लाटांच्या पट्ट्यात घेऊन गेले. वाळूवर बसल्यावर एवढंच म्हणाले, "पानी खींचे तो आडा जाना. सब सीधा आते हैं."

हे वाक्य मला चाळिशी ओलांडल्यावर कळावं, याचा मला राग आहे.

आपल्या देशात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसं बुडून मरतात. नदी, विहीर, तलाव, समुद्र सगळं धरून. दुसऱ्या दिवशी बातमी येते, 'समुद्राने ओढून नेले'. जणू समुद्राने कट केला होता! 2016 च्या फेब्रुवारीत पुण्याहून सहलीला आलेले विद्यार्थी मुरूडच्या किनाऱ्यावर बुडाले. काही दिवस हळहळ झाली, आणि पुढच्या सुट्टीत आपण पुन्हा तसेच पाण्यात उतरलो.

काही वाचक लगेच म्हणतील, "लोकांना अक्कल नको का? दारू पिऊन जातात, शिट्टी ऐकत नाहीत." खरं आहे. दारू पिऊन पाण्यात जाणाऱ्याची आणि लाल बावट्याखाली सेल्फी काढणाऱ्याची मी बाजू घेणार नाही. पण मी प्यालेलो नव्हतो आणि मला पोहताही येत होतं. शिस्त तर माझा धंदाच आहे. मला नव्हतं ते त्या पाण्याचं ज्ञान. शाळेच्या भूगोलात आपण किनारपट्टीची लांबी पाठ करतो. पूर्वी ती साडेसात हजार किलोमीटर होती, नव्या मोजणीत अकरा हजारांवर गेली. त्या किनाऱ्यावर जीव कसा वाचवायचा, यावर मात्र एक ओळही मला कोणी शिकवली नाही.

फौजेत नकाशा वाचता येत नसेल, तर जवानाला जंगलात पाठवत नाहीत. मग पोहण्याचा आणि पाण्याचा एक धडाही न देता आपण पोरांच्या सहली समुद्रावर कशा नेतो? प्रत्येक मुलाला पोहणं शिकवायला तलाव हवेत, पैसे हवेत, मान्य. पण 'ओढ लागली तर घाबरू नका, तरंगत राहा, हात वर करा, किनाऱ्याला समांतर पोहा' हे सांगायला फक्त फळा आणि खडू लागतो. आणि ज्या नोलियाने मला ओढून काढलं, तशा माणसांना प्रत्येक गर्दीच्या किनाऱ्यावर कायमचा पगार आणि गणवेश द्यायला लागते ती फक्त इच्छा.

संध्याकाळी स्वर्गद्वाराजवळ बसलो होतो. तिथे समुद्राला लागूनच स्मशान आहे. एका बाजूला चिता जळत होत्या, दुसऱ्या बाजूला पोरं लाटांत उड्या मारत होती. त्यातली चौघं एका शांत पट्ट्याकडे सरकली. मी उठलो आणि परेड ग्राउंडवरच्या आवाजात ओरडलो. पोरांनी वळून पाहिलं, कोण हा येडा, असा चेहरा केला, पण बाजूला झाली.

सुट्टीचा पहिला दिवस असा गेला. दुसऱ्या दिवशी मी पाण्यात उतरलो, तो नोलियांचा हात धरून.