बॉडीचा मोह

"पहिला डीएसएलआर घेतोय, जास्तीत जास्त मेगापिक्सेलवाला कुठला?" हा प्रश्न ऐकला की माझं डोकंच फिरतं. अरे बाबांनो, सगळं बजेट बॉडीत घालवायचं आणि सोबत आलेल्या १८-५५ वर दिवस काढायचे, ही शुद्ध उधळपट्टी आहे! ती लेन्स ५५ ला एफ/५.६ पेक्षा जास्त उघडतच नाही. साधी ५० एमएम एफ/१.८ तिच्या नऊपटीहून जास्त प्रकाश आत घेते. म्हणजे त्याच आयएसओला तिला १/१५ सेकंद लागतो, तिथे हिला १/१२५ पुरतो. ट्यूबलाइटखाली बसलेल्या आजीचा फोटो हलणार की नाही, हे इथे ठरतं. मेगापिक्सेलवर नाही.

तेव्हा बॉडी सरळ सेकंडहँड घ्या. तसंही निकॉनची डी३५०० सारखी सुरुवातीची मॉडेल्स कंपनीने बंदच केलीयेत. फक्त त्या बॉडीत फोकस मोटर नसते, म्हणून ५० एमएम एएफ-एसच बघा. स्वस्त पडते म्हणून जुनी 'डी' घेतलीत तर हाताने फोकस करत बसाल.

उरलेल्या पैशांत डोकं वळवता येणारा फ्लॅश घ्या आणि तो चेहऱ्यावर नाही, पांढऱ्या छतावर मारा.

"पण ऑफिसात लोक मॉडेल विचारतात ना!"

विचारू देत की. फोटो त्यांचे काढायचेत का?