रॅम वाढली, टक्के तेच

मागच्या महिन्यात गावी, केदारखेड्याला गेलो होतो. (भोकरदन तालुका, जालना जिल्हा. दर वेळी सांगावं लागतं.) चुलतभावाचं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच्या पीसीत ४ ची १६ जीबी रॅम करून मीच लिनक्स टाकून दिलं होतं. मोठ्या रुबाबात!

एक गिऱ्हाईक लग्नाच्या क्लिप्स घेऊन आलं. साधारण २ जीबी, कार्डातून पेनड्राइव्हवर कट-पेस्ट. मिनिटभरात पट्टी भरली. मी म्हटलं, "बघ, रॅमची कमाल!" तेवढ्यात लाईट गेली. दुकानात इन्व्हर्टर नाही.

लाईट आल्यावर पाहतो तर पेनड्राइव्हवर पहिल्या दोन क्लिप्स, आणि कार्ड रिकामं. हळद वाचली, मंगलाष्टकं गेली.

झालं काय, तर लिहायचा डेटा कर्नल आधी रॅममध्ये साठवतो. किती साठवायचा हे 'डर्टी रेशो' ठरवतो. डीफॉल्ट २० टक्के, म्हणजे त्या मशीनवर जवळपास ३ जीबी. मागच्या मागे लिहायला सुरुवात होते ती १० टक्के भरल्यावर, नाहीतर डेटा ३० सेकंद जुना झाल्यावर. पेनड्राइव्ह सेकंदाला ५ एमबी लिहिणार, म्हणजे २ जीबीला साडेसहा मिनिटं. कार्डावरून फाइल्स पुसायचं काम मात्र चिमूटभर, ते आधी उरकलं. शेततळं चौपट मोठं केलं, पाइप तोच दीड इंची!

टक्केवारीची ही पद्धत मशीनमध्ये ८-६४ एमबी रॅम असायची तेव्हाची. २०१३ साली खुद्द लिनस टोरवाल्ड्सनेही हे कबूल केलं होतं. तरी २००९ पासून आकडे तेच, २० आणि १०. त्याच वर्षी टक्क्यांऐवजी थेट बाइट्समध्ये मर्यादा द्यायची सोयही आली. पण डीफॉल्ट टक्केच राहिले.

यावर ठरलेलं उत्तर असतं: "ज्याला हवं त्याने बदलावं." अहो, पण ज्याला बदलता येतं त्याला डीफॉल्टची गरजच काय? मोठा बफर सर्व्हरला फायद्याचा असतो, मान्य. पण तिथे यूपीएस असतो, पगारी अ‍ॅडमिन असतो. त्याने एक ओळ लिहून मर्यादा वाढवावी की! केदारखेड्यातल्या दुकानदाराने 'सिसकंट्रोल' शिकावं ही अपेक्षा कुठल्या हिशेबाने? डेटा किती साठवायचा हे डिस्कच्या वेगावर ठरायला हवं. रॅम किती स्वस्त झाली याचा त्याच्याशी काय संबंध?

असो. चूक माझीही होतीच, रॅम टाकून मी सेटिंगकडे बघितलंच नव्हतं. आता 'डर्टी बाइट्स' ४८ एमबी आणि 'डर्टी बॅकग्राउंड बाइट्स' १६ एमबी करून आलोय. पट्टी आता खरी सरकते, म्हणजे हळू सरकते.

परवा भावाचा फोन: "दादा, रॅम टाकूनबी मशीन स्लोच झालं राव."