उतरायचं कुठं?

सबमिशन संपलं, ओरल झाली की होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये एकच विषय... सुट्टीत कुठं? आणि ज्यांच्या घरचे मुंबई-पुण्याला चार दिवस जायचं म्हणत असतात, त्यांच्या रूमवर लगेच पुढचा विषय निघतो. उतरायचं कुठं? आता मोबाईलवर अख्खा फ्लॅटच भाड्याने मिळतो. दोन बेडरूम, हॉल, फ्रीज, वॉशिंग मशीन आणि किचन! आमच्या विंगमधलं बहुमत ठरलेलं आहे. "फ्लॅटच घ्या लेको, आईच्या हातचं खायला मिळतंय की!"

मेसची आमटी (तिच्यात डाळ शोधणं हा फायनल इयरचा प्रोजेक्ट होऊ शकेल) वर्षभर ओरपलेल्या माणसानं असं म्हणणं साहजिकच आहे. पण मित्रांनो, माझं मत बरोबर उलटं आहे. चार दिवसांसाठी शहर बघायला जाताना किचन असणं हा फ्लॅटचा फायदा नाही, तोटा आहे. आणि तो तोटा आपल्या वाट्याला येत नाही म्हणून आपल्याला दिसत नाही.

आपल्या आई-वडिलांच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. मुंबईला जायचं म्हणजे आत्याकडे, नाहीतर काकांकडे. डोंबिवलीला वन रूम किचन, त्यात घरची पाच आणि सांगलीकडची पाच. रात्री गॅलरीपर्यंत अंथरुणं. खूप मजा यायची असं सगळे सांगतात. सांगणाऱ्यांत आत्या मात्र नसते! नरसोबाच्या वाडीला गेलं तरी पुजाऱ्यांच्या घरी उतरायचं, तिथंही आत चुलीपुढं कोणीतरी बाई असायचीच. ज्यांचं शहरात कोणी नाही किंवा ज्यांना कोणाला त्रास द्यायचा नाही, त्यांच्यासाठी लॉज होते. पुण्याचे लोकमान्य टिळक मुंबईत उतरायचे ते सरदारगृहात, आणि 1 ऑगस्ट 1920 रोजी त्यांचं निधन झालं तेही तिथंच.

आता आत्याकडे उतरणं मागं पडलं. तिच्या सुनेचं वर्क फ्रॉम होम, नातवाचे क्लास, आणि आपल्यालाही संकोच. ती जागा फ्लॅटनं घेतली. म्हणजे झालं काय? आत्या सुटली आणि तिचं काम आईच्या गळ्यात पडलं. वर भाडं आपणच भरलं!

गंमत म्हणजे या धंद्याची सुरुवात आपल्यासारख्याच दोन रूममेटनी केली. 2007 साली सॅन फ्रान्सिस्कोत ब्रायन चेस्की आणि जो गेबिया यांना घरभाडं परवडेना. शहरात डिझाईनवाल्यांची कॉन्फरन्स होती, हॉटेलं भरलेली. यांनी हॉलमध्ये हवा भरायच्या तीन गाद्या टाकल्या, पाहुणे घेतले आणि सकाळी नाष्टा दिला. त्यातून एअरबीएनबी उभी राहिली. त्या नावातलं 'बीएनबी' म्हणजे बेड अँड ब्रेकफास्ट. आपल्याकडच्या सरकारी योजनेचं नावसुद्धा 'निवास व न्याहारी' असंच आहे. म्हणजे मूळ कल्पनेत न्याहारी घरमालकानं करायची होती! अख्खा फ्लॅट भाड्याने देताना निवास राहिला आणि न्याहारी कोणी करायची हा मुद्दा हळूच गाळला गेला.

2024 च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण मुंबईला गेलो होतो. मी, ताई, आई-बाबा आणि आजी. तीन रात्री उपनगरातल्या एका फ्लॅटमध्ये. माझं मत हॉटेलचं होतं, पण घरात माझ्या मताला होस्टेलच्या फीइतकाच भाव आहे, म्हणजे भरताना फक्त आठवण येते. बाबांचं गणित सोपं होतं. रात्रीचे 4,500, तीन रात्रींचे 13,500, साफसफाईचे 1,200, एकूण 14,700. आणि खाण्याचे पैसे वाचणार.

महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री सांगलीहून निघते आणि सकाळी मुंबईत पोचते. फ्लॅटची किल्ली दुपारी दोनला! हॉटेल असतं तर बॅगा काउंटरवर टाकून फिरायला मोकळे. इथं बॅगा आणि आजी दोन्ही सांभाळत दुपार काढली. मग गेटवर वॉचमन. मालकानं आधीच मेसेज करून ठेवला होता, "कोणी विचारलं तर नातेवाईक आहे म्हणून सांगा." कारण सोसायटीला असले भाडेकरू चालत नव्हते. बाबा आयुष्यभर शाळेत मुलांना खरं बोला म्हणून सांगत आलेले. ते आवंढा गिळून "पाहुणे आहोत" म्हणाले, आणि मागून आजी खणखणीत आवाजात, "नाही हो, पैसे भरलेत आम्ही!" पुढचे तीन दिवस लिफ्टमध्ये कोणी भेटलं की आम्ही सगळे मजल्यांचे आकडे बघत उभे.

आपण विश्रामबागेतली पोरं, आपल्याला हे नवीन नाही. कॉट बेसिसवर बाहेर राहणाऱ्यांना विचारा, जिन्यात चपला वाजल्या तरी वरून आवाज येतो. पण त्या सोसायटीवाल्यांचंही खरंच आहे. दर तीन दिवसांनी शेजारी नवीन तोंड, नवीन गाणी, नवीन कचरा कोणाला आवडेल? बार्सिलोनाच्या महापौरांनी जून 2024 मध्ये जाहीरच केलं की पर्यटकांना फ्लॅट देण्याचे शहरातले 10,101 परवाने नोव्हेंबर 2028 पर्यंत बंद करायचे, कारण गावच्या लोकांना राहायला घरं परवडेनात. आपण ज्या चार दिवसांना सुट्टी म्हणतो त्या दिवसांत कोणाचं तरी रोजचं जगणं चालू असतं.

बरं, ते राहू दे. किचनकडे येऊ.

आईनं येतानाच कांदा-लसूण चटणीची बरणी, चहाची पावडर आणि पोळपाट आणला होता. हो, पोळपाट! पहिल्या संध्याकाळी तेल, तांदूळ, पीठ, मीठ, साखर विकत आणली. मीठ किलोभर, लागलं चार चमचे. सकाळी आम्ही उठायच्या आत आई उठलेली. नवीन गॅस, लायटर सापडेना, कुकरची शिट्टी वेगळी. पोहे, चहा, दुपारसाठी पोळ्या बांधून घेतल्या. निघायला साडेअकरा. संध्याकाळी गेटवेहून परत आल्यावर आम्ही चौघं सोफ्यावर आडवे आणि आई सरळ आत. "पटकन खिचडी टाकते." ती जे करत होती त्याला आमच्या घरात कोणी काम म्हणत नाही, म्हणून कोणी थांबवलंही नाही. मी आणि ताईनं भांडी घासली, पण घासताना मला एवढंच कळत होतं की आईनं सांगलीतला ओटा सोडून दुसऱ्याचा ओटा धरलाय. निघायच्या दिवशी तर तिनं फरशीसुद्धा पुसली. साफसफाईचे 1,200 भरलेले असताना! "लोकं काय म्हणतील, कसं ठेवून गेले."

2025 च्या दिवाळीत पुन्हा मुंबई, पण या वेळी दादरला साधं हॉटेल. दोन खोल्या, प्रत्येकी 2,600, तीन रात्रींचे 15,600. त्यावर 5 टक्के जीएसटी धरून 16,380. (22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीचा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आला, हे बाबांना मीच सांगितलं, तेव्हा कुठं ते तयार झाले!) फरक 1,680 रुपयांचा. जेवणाचे पैसे अर्थातच जास्त गेले. पण सकाळी नऊला सगळे बाहेर. शिवाजी पार्कला 'आस्वाद'मध्ये रांग लावून मिसळ आणि थालीपीठ, आजीला साबुदाण्याची खिचडी. नवीन भुयारी मेट्रो त्याच महिन्यात कफ परेडपर्यंत सुरू झाली होती, तिच्यातून दक्षिण मुंबई. रजिस्टरमध्ये आमची खरी नावं, आधार कार्ड दाखवलं, विषय संपला.

हॉटेल म्हणजे स्वर्ग असं मी म्हणत नाही. चहा अंगठ्याएवढ्या कपात आणि बिल बादलीएवढं. शेजारच्या खोलीतला टीव्ही आम्हाला फुकट ऐकू येत होता. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे एकत्र बसायला जागा नाही. दोन खोल्या, मधे कॉरिडॉर. रात्री सगळे आजीच्या पलंगावर दाटीवाटीनं बसायचो, पत्त्यांचा डाव मांडायला जागा पुरायची नाही. फ्लॅटच्या हॉलमध्ये मात्र बारापर्यंत बदाम सात रंगलं होतं. बाबा अजून तोच मुद्दा काढतात आणि तो मला मान्य आहे. फ्लॅट घ्यायचाच तर हॉलसाठी घ्यावा. आणि घरातून निघतानाच ठरवावं, गॅसवर फक्त चहा, तोही पोरांनी करायचा.

काही वेळा किचन लागतंच. तान्हं मूल आहे, कोणाचं पथ्य आहे, किंवा आपल्यापैकी कोणाला पुण्यात दोन महिने इंटर्नशिप आहे, तर हॉटेल परवडणार नाही आणि पचणारही नाही. आपली गँग निघाली असेल तरी माझं मत लॉजच. सहा जणांत फ्लॅट डोक्याला स्वस्त पडतो, पण "आपण तिथंच करून खाऊ" म्हणणाऱ्या सहांतले पाच जण कांदा चिरायच्या वेळी टेरेसवर असतात, आणि सहावा दर वर्षी तोच असतो. आमच्या रूममधला तो सहावा कोण हे इथं लिहीत नाही, तो मासिकाच्या संपादक मंडळात आहे.

दादरच्या हॉटेलात आई सवयीनं पाचलाच उठली होती. मला जाग आली तेव्हा ती खिडकीशी बसून खाली फुलवाल्यांची गडबड बघत होती. "काय करतीयस?" विचारलं तर म्हणाली, "काही नाही." आमच्या घरात हे उत्तर मी पहिल्यांदाच ऐकलं.

या मे महिन्यात हैदराबाद ठरतंय. बाबा मोबाईलवर पुन्हा फ्लॅट बघायला लागलेत. परवा फोनवर आई मागून म्हणाली, "घ्या की फ्लॅट, हॉल मोठा बघा. फक्त तिथं गॅस नाही ना, एवढं आधी विचारून घ्या."