सरकार हेच नातलग

येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातला रुग्ण बरा झाला आणि त्याला न्यायला कोणीच आले नाही, तर त्याचे नातलग कोण? याचे उत्तर कायद्याने देऊन ठेवले आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या चौदाव्या कलमानुसार प्रत्येक रुग्णाला एक नामनिर्देशित प्रतिनिधी असतो. रुग्णाने स्वतः कोणाला नेमले नसेल तर नातेवाईक, ते नसतील तर सांभाळ करणारी व्यक्ती, तीही नसेल तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ सुचवेल ती योग्य व्यक्ती. यांपैकी कोणीच मिळाले नाही, तर समाजकल्याण खात्याचे संचालक किंवा त्यांनी नेमलेला माणूस. ज्याला कोणी नाही त्याचे पालकत्व असे थेट सरकारकडे येते. महाराष्ट्राचे समाजकल्याण आयुक्तालय पुण्यात आहे, दिव्यांग कल्याण आयुक्तालयही पुण्यातच. इतके जवळ राहणारे नातलग फार थोड्यांच्या नशिबी असतात. या खात्यांचे प्रतिनिधी आजवर किती रुग्णांसाठी उभे राहिले आणि वॉर्डात किती वेळा गेले, हे त्यांनी एकदा जाहीर करावे.

येरवड्याचे रुग्णालय मंजूर 2540 खाटांचे, देशातल्या सर्वांत मोठ्या मनोरुग्णालयांपैकी एक. ठाणे (1850), नागपूर (940) आणि रत्नागिरी (365) धरून राज्यात अशी चार रुग्णालये आहेत. पतीने ठाण्याच्या रुग्णालयात दाखल केलेली एक महिला डॉक्टरांनी बरी ठरवल्यानंतरही वर्षानुवर्षे तिथेच राहिली. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी जनहित याचिका केल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने चारही रुग्णालयांचा हिशेब मागितला, तेव्हा दहा वर्षांहून अधिक काळ आत राहिलेले शेकडो रुग्ण समोर आले. त्यांतल्या अनेकांना घरी सोडण्यास वैद्यकीय हरकत नव्हती. हरकत होती ती घराची.

वास्तविक हाच मुद्दा कायद्याने निकालात काढलेला आहे. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, राहायला घर नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणाने कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असे एकोणिसावे कलम सांगते. बाहेरची सोय, म्हणजे हाफ-वे होम किंवा चार-सहा जणांचे सामूहिक घर, उभी करण्याची जबाबदारी त्याच कलमाने सरकारवर टाकली आहे. मुदतीही बांधलेल्या आहेत. इतरांच्या आधाराने दाखल झालेल्या रुग्णाला तीस दिवसांपलीकडे ठेवायचे असेल तर मंडळाची परवानगी लागते. ती आधी नव्वद दिवसांची, मग एकशेवीस दिवसांची आणि त्यानंतर दर खेपेस फार तर एकशेऐंशी दिवसांची. हा क्रम मनापासून पाळला गेला, तर बरा झालेला माणूस दहा वर्षे आत राहणे अशक्य आहे. तो राहिला, याचा अर्थ कोणीतरी न वाचता सह्या केल्या किंवा सह्या करायला मंडळच बसलेले नव्हते.

महाराष्ट्राने यावर काढलेली पळवाट लाजिरवाणी होती. बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवण्याचा प्रकार सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि जुलै 2021 मध्ये न्यायालयाने तो तातडीने थांबवायला सांगितले. आजारातून उठलेल्या तिशीतल्या माणसाला भिक्षेकऱ्यांच्या कोठडीत पाठवून रुग्णालयाच्या कागदावर त्याची खाट रिकामी दाखवायची, याला पुनर्वसन म्हणण्याचे धाडस फक्त फाईललाच होऊ शकते. जानेवारी 2023 मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानेही देशभरातल्या सरकारी मनोरुग्णालयांना नोटिसा काढल्या. बरे झालेल्यांना बेकायदा ठेवून घेतल्याचा ठपका त्यात होता.

सगळा दोष नातेवाइकांवर ढकलणे सोयीचे आहे, पण न्याय्य नाही. दाखल करताना मुद्दाम खोटा पत्ता देणारे आहेत, भावाचा वाटा गिळून त्याला ‘येरवड्याला टाकणारे’ आहेत. त्यांच्यावर कारवाई व्हायलाच हवी. पण सत्तरीतली आई, दोन खोल्यांचे घर, लग्नाची बहीण आणि गावात औषध मिळण्याची खात्री नाही, असे घर ‘आमच्याने होणार नाही’ म्हणते तेव्हा ते निर्दय नसते, थकलेले असते. लहानसहान गोष्टीवरून ‘याला येरवड्याला पाठवा’ असा विनोद करणाऱ्या या शहराने त्या घराची लाज आणखी वाढवली आहे. माणूस परत आल्यावर त्याची गोळी जवळच्या सरकारी दवाखान्यात मिळाली आणि महिन्याला कोणी विचारपूस करायला आले, तर नकार देणारी अनेक दारे उघडतील.

जे अजून आत आहेत त्यांचेही हक्क उधारीवर ठेवता येत नाहीत. सक्तीने डोके भादरता येत नाही, गणवेशाची सक्ती करता येत नाही, करून घेतलेल्या कामाचा मोबदला द्यावा लागतो. रुग्णाला फोन करता येतो, भेटीला माणूस येऊ शकतो, तक्रार करता येते, वकील फुकट मिळतो. सव्विसाव्या कलमातली एक तरतूद फारशी कोणाच्या ध्यानात नाही: न्यायाधीश, मंडळाचे सदस्य, वकील यांच्याप्रमाणेच खासदार-आमदारांशी असलेला रुग्णाचा संपर्कही डॉक्टरांना रोखता येत नाही. दहीहंडी आणि आरोग्य शिबिरांच्या फलकांवर दिसणाऱ्या आपल्या लोकप्रतिनिधींपैकी किती जणांना हे ठाऊक आहे?

हे जमणार कसे, असा प्रश्न पुण्याने तरी विचारू नये. व्यसनी म्हणून घराने टाकलेल्यांना ठरलेल्या मुदतीत उपचार देऊन परत घरी पाठवणारे ‘मुक्तांगण’ डॉ. अनिता, म्हणजे सुनंदा अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी 1986 मध्ये याच मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला पैसा दिला. 2017 च्या कायद्याच्या घडणीत पुण्याच्याच इंडियन लॉ सोसायटीतल्या तज्ज्ञांचा वाटा आहे. चेन्नईच्या ‘द बनियन’ संस्थेने ‘होम अगेन’ या उपक्रमात दीर्घकाळ रुग्णालयात राहिलेल्यांना साध्या वस्तीतल्या भाड्याच्या घरांत, सोबतीला मदतनीस देऊन वसवून दाखवले. इटलीने तर 1978 मध्ये कायदा करून मनोरुग्णालयांत नव्याने भरती करणेच थांबवले. आपल्याकडे तेवढी उडी नको, पण धानोरी, लोहगाव किंवा हडपसरमध्ये वीस-पंचवीस घरे भाड्याने घेणे या राज्याला परवडत नाही, हे पटण्यासारखे नाही.

त्याआधी एक काम बिनखर्चाचे आहे. येरवड्यात वर्षाहून अधिक काळ किती रुग्ण आहेत, त्यांतले किती घरी जाण्यायोग्य आहेत, मंडळाने किती प्रकरणे मुदतीत तपासली आणि किती जणांना बाहेर घर मिळाले, हे चार आकडे दर तीन महिन्यांनी, नावे न देता, प्रसिद्ध करावेत. आरोग्य खाते ते आपणहून देणार नसेल, तर पुण्याच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात तारांकित प्रश्न टाकून ते मागून घ्यावेत.