११३८ पानांचं गाव

नारायण धारपांचं नाव काढलं की वाचणाऱ्यांचे दोन तट पडतात, हे आता नेहमीचंच झालंय. एक तट म्हणतो, मराठीत खरी भीती लिहिली ती याच माणसाने, बाकीचे नुसते दारं करकरवत बसले. दुसरा म्हणतो, लिहिली कसली, उचलली. आणि हा वाद सगळ्यात जास्त पेटतो तो 'शपथ'वरून. कारण 'शपथ'चं मूळ म्हणजे स्टीफन किंगची 'इट', आणि ती हल्लीच्या कॉलेजातल्या मुलांनी सरळ इंग्रजीतून वाचलेली असते.

आमच्या घरातही हे तट आहेत. मामा सत्तरीला टेकलेला, जन्मभर पेठेतल्या वाचनालयाचा वर्गणीदार, अर्थातच धारपांच्या बाजूने. माझी भाची किंगच्या बाजूने. तिने २०१७चा सिनेमा पाहिला, मग ते जाडजूड पुस्तक वाचलं, मग 'शपथ' वाचली, आणि गणपतीच्या जेवणाला भर पंगतीत, "मामाआजोबा, तुमचे धारप चोर आहेत," असं सांगून मोकळी झाली. मामा एरवी कुणाला बोलू देत नाही. त्या दिवशी तो काही बोलला नाही, जिलबी नको म्हणाला आणि हात धुवायला उठला.

मला दोघांचंही म्हणणं कळतं, पण ज्या मुद्द्यावर ते भांडतात तो मला त्या पुस्तकातला सगळ्यात छोटा मुद्दा वाटतो. तरी तो आधी उरकून घेऊ.

मूळ लेखकाचं नाव ठळकपणे द्यायला हवं होतं, यात वाद नाही. आपल्याकडे रूपांतराची परंपरा चांगली जुनी आहे. पुलंनी 'ती फुलराणी' केली तेव्हा तिच्या मागे शॉचं 'पिग्मॅलियन' आहे हे लपवलं नाही, आणि म्हणून ती कुणाला कमी मराठी वाटली नाही. उलट मंजुळा आता शॉची राहिलेलीच नाही. तेव्हा धारपांच्या नव्या आवृत्त्या निघताना सुरुवातीलाच एक पान घालावं, 'शपथ'च्या मागे 'इट' आणि 'लुचाई'च्या मागे 'सालेम्स लॉट' असं स्वच्छ छापावं. त्याने धारपांचं काही जाणार नाही, आणि भाचीच्या हातातलं हत्यार जाईल.

पण 'चोर' हा शब्द मला पुरत नाही. 'इट' आली १९८६ मध्ये. मराठी माध्यमातून शिकून नोकरीला चिकटलेल्या माझ्या मामासारख्या माणसाला ती इंग्रजीतून मिळणार कुठे, आणि मिळाली तरी वाचवणार कशी? त्याच्यासाठी धारप हेच दार होतं. या दारातून पुढे काय काय गेलं तेही बघा. किंगच्या 'ग्रॅमा' या कथेवरून धारपांची 'आजी' झाली. ती गोष्ट नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने राही अनिल बर्वेंना सांगितली, आणि तिथून २०१८चा 'तुंबाड' निघाला. अमेरिकेतली म्हातारी कोकणातल्या वाड्यात साखळदंडाने बांधून बसली ती मधल्या एका पुणेकरामुळे. याला चोरीपेक्षा वेगळा काहीतरी शब्द पाहिजे. (हिंदीवाल्यांनीही १९९८ मध्ये झी टीव्हीवर 'वो' काढली होतीच. आशुतोष गोवारीकर होते त्यात. आमच्या घरी ती लावायला बंदी होती, म्हणून शेजारी जाऊन पाहिली.)

असो. आता खरं भांडण.

'इट' वाचलेल्यांमध्येही एकमत नाही. पहिल्या आवृत्तीची पानं ११३८! अर्धे लोक म्हणतात, हे चारशे पानांत झालं असतं, किंगला संपादक नव्हता का? उरलेले शेवटावर चिडतात. हजार पानं तो विदूषक घाबरवतो, कधी महारोगी होतो, कधी सिनेमातला लांडगा-माणूस, ज्याची जी भीती ते त्याचं रूप. आणि शेवटी कळतं काय, तर विश्वाच्या बाहेरून लाखो वर्षांपूर्वी येऊन पडलेलं काहीतरी, गावाखालच्या गटारांत राहणारं, दर २७ वर्षांनी जागं होऊन मुलं खाणारं. त्यातल्या त्यात आपल्या डोळ्यांना झेपेल असं त्याचं रूप म्हणजे एक प्रचंड कोळीण. भुताची गोष्ट म्हणून वाचणाऱ्याला ही विज्ञानकथा मधेच गळ्यात पडल्यासारखी वाटते, आणि विज्ञानकथा वाचणारा विचारतो की यात विज्ञान कुठंय.

शेवटाबद्दलची चीड मला मान्य आहे. कोळीण दिसली की भीती निम्मी होते, हे कुणीही कबूल करेल. शेवटाकडचा मुलांचा एक प्रसंग तर नसताच तर बरं झालं असतं. तो इथे सांगत नाही, बायकोची मावशीही हे वाचते.

लांबीबद्दलची तक्रार मात्र मला अजिबात मान्य नाही. ती पानं कशावर खर्च झालीत ते बघा. मधेमधे डेरी या गावाचा इतिहास येतो. १९०६ मध्ये ईस्टरच्या दिवशी लोखंडाच्या कारखान्यात स्फोट होतो आणि तिथे अंडी शोधायला जमलेली मुलं मरतात. १९२९ मध्ये गावातले प्रतिष्ठित लोक भर रस्त्यात एका दरोडेखोर टोळीला गोळ्या घालतात, आणि नंतर जो तो म्हणतो, मी त्या दिवशी गावात नव्हतो. १९३० मध्ये काळ्या सैनिकांचा क्लब जाळला जातो. वाचताना वाटतं, गोष्ट थांबली. पण गोष्ट तीच आहे. एक प्रसंग मला विदूषकापेक्षा जास्त झोंबला होता. एका मुलीच्या मागे गावगुंड पोरं लागलीत, समोर घराच्या ओसरीत एक भला माणूस पेपर वाचत बसलाय. तो हे बघतो. उठतो, पेपरची घडी घालतो आणि घरात निघून जातो.

बास. राक्षस गटारात आहे हे खरं, पण त्याला सत्तावीस सत्तावीस वर्षं पोसतं ते हे घडी घालून आत जाणारं गाव. हे चारशे पानांत बसत नाही, कारण गावाची सवय वाचकाला लागावी लागते. त्या ओसरीवरून आपणही पाच-दहा वेळा गेलेलो असावं लागतं.

आणि 'शपथ'चं माझं दुखणं नेमकं इथे आहे. किंगच्या त्या ठोकळ्यापुढे ती लहानच. लहान करताना मित्र राहतात, शपथ राहते, ते दुष्ट जे काही आहे ते राहतं. पातळ होतं ते गाव. धारपांची ताकद वेगळी आहे. अंधाऱ्या खोलीत पुढच्या क्षणी काय होईल हे त्यांच्याइतकं कुणाला जमलं नाही, आणि ते स्वतः विज्ञानाचे पदवीधर, त्यामुळे त्यांच्या भुतांनासुद्धा एक प्रकारची शिस्त असते. पण त्यांचं दुष्ट बहुतेक वेळा बाहेरून येतं. वाड्यात असतं, विहिरीत असतं, परक्या जगातून येतं. माणसं बिचारी सापडतात. आणि समर्थकथांमध्ये तर सोडवायला समर्थ येतातच. मामाला तेच आवडतं. रात्री दोन वाजता पुस्तक मिटताना कुणीतरी आपल्या बाजूचं आहे असं वाटतं म्हणे. किंगची मुलं कुणाला हाक मारणार? मोठी माणसं तर घरात निघून गेलेली.

आता मामाचीच गोष्ट. १९७६ मध्ये तो कॉलेजात होता. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात जे दहा खून झाले, जोशी-अभ्यंकर खून म्हणून जे सगळ्यांना माहीत आहेत, ते दिवस त्याने पाहिलेत. संध्याकाळी सातनंतर रस्ते ओस, दाराला आतून दोन दोन कड्या, नवरा कामावरून आला तरी आधी आवाज ओळखायचा. मामा हे सांगतो तेव्हा त्याचा आवाज बदलतो. आणि दरवेळी एकाच वाक्यावर येऊन थांबतो, "अरे, ती आपल्यातलीच पोरं निघाली." कला महाविद्यालयात शिकणारी, चारचौघांत वावरणारी. चौघांना १९८३ च्या नोव्हेंबरात येरवड्याला फाशी झाली.

मला वाटतं मामाला 'इट' कळायला इंग्रजीची अडचण नाहीच. ज्याने ती दोन वर्षं या शहरात काढली त्याला डेरी समजावून सांगावं लागत नाही. फरक एकच. डेरी विसरतं, पुणं विसरत नाही. इथे १९६१चा पानशेतचा पूर कुठल्या घरात कुठवर आला होता ते भिंतीवर बोट ठेवून दाखवतात, आणि शनिवारवाड्यात १७७३ मध्ये मारलेला नारायणराव दर पौर्णिमेला काकाला हाका मारतो असं मुलांना सांगतात. वयाच्या अठराव्या वर्षी मारलेल्या पेशव्याची आपण गोष्ट करून टाकली, भुताची, मजेदार. हेही घडी घालून आत जाणंच की काय, असं कधीकधी वाटतं.

म्हणून माझी हाव अशी की असलं शहर घेऊन कुणीतरी मराठीत हजार पानांची भयकादंबरी लिहावी. उसनी नको, आणि समर्थही नकोत. गल्लीतले लोक हवेत, त्यांचे पेपर हवेत. माझ्या वाचनात तशी आलेली नाही. कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा.

अमेरिकेतल्या चुलतभावांसाठी एक गंमत सांगायची राहिली. 'इट'मधल्या सात मुलांपैकी गाव सोडून गेलेली सगळी पुढे यशस्वी होतात, पैसा कमावतात, आणि लहानपण साफ विसरतात. सगळं लक्षात ठेवून मागे थांबतो तो एकटा माइक. तो गावच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे, आणि २७ वर्षांनी सगळ्यांना फोन त्यालाच करावे लागतात. मामाला हे सांगितलं तेव्हा तो पंगतीनंतर पहिल्यांदा हसला. म्हणाला, "पुस्तक पाठव तुझं ते." मी भाचीकडची प्रत मागितली आहे. तिने दिली, पण आत चिठ्ठी घालून. पहिली दोनशे पानं कंटाळा आला तरी सोडायची नाहीत, असं त्यात लिहिलंय.