घामातील मिठाची साक्ष

तान्हे मूल बाळसे धरीत नसले की त्याचे कारण सांगण्यासाठी आपल्या समाजाजवळ मोजके शब्द तयार असतात. घरातील वडीलधाऱ्यांच्या मते त्याला दृष्ट लागलेली असते, अंगणवाडीच्या नोंदवहीत ते कुपोषित ठरते आणि खोकला महिनोन्महिने हटला नाही तर क्षयाचे औषध सुरू होते. कुपोषण किंवा क्षय हे निदान पुष्कळदा बरोबरही असते. ज्या थोड्या बालकांच्या बाबतीत ते चुकते, त्यांतील काहींच्या दुखण्याचे नाव सिस्टिक फायब्रोसिस असे असते. हे नाव कोणी उच्चारण्यापूर्वीच मूल दगावले, तर त्या मृत्यूची जबाबदारी केवळ रोगावर टाकून आपणास मोकळे होता येणार नाही.

हा आजार जन्मजात व आनुवंशिक आहे. पेशींच्या आवरणातून क्षारांची ने-आण करणाऱ्या एका प्रथिनाचा आराखडा सातव्या गुणसूत्रावरील जनुकात असतो. तो बिघडला की फुफ्फुसांतील कफ डिंकासारखा चिकट होऊन त्यात जंतू घर करतात. स्वादुपिंडाच्या नलिका तुंबतात व पाचकरस आतड्यापर्यंत पोहोचत नाहीत. मूल हपापून दूध पिते, पण त्यातील स्निग्धांश न पचता तेलकट, दुर्गंधीयुक्त शौचावाटे निघून जातो. न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी १९३८ साली या रोगाचे सविस्तर वर्णन केले. सदोष जनुक सापडले ते १९८९ साली.

या दोन वर्षांच्या दरम्यानची एक हकीकत मराठवाड्याने मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली. अंगातील पाणी आटून रुग्णालयात आलेल्या मुलांमध्ये या रोगाची मुले नजरेत भरण्याइतकी अधिक होती. त्याचा माग काढून डॉ. पॉल डी सँट अग्नेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली दाखवून दिले की, या मुलांच्या घामात मिठाचे प्रमाण असाधारण असते. कपाळाचा पापा घेतला असता ओठांना खारट चव लागते, ही आईची साधी तक्रार त्यामुळे शास्त्रीय पुरावा ठरली. न्यूयॉर्कला एका लाटेने जे शिकविले, ते आमचा वैशाख दरवर्षी शिकवू शकतो. पारा चाळीस अंशांपुढे गेला म्हणजे अशा बाळाच्या अंगातील मीठ घामावाटे झरझर निघून जाते आणि एका दिवसात ते निपचित पडू शकते.

१९५९ पासून जगभर वापरली जाणारी घामाची चाचणीही याच शोधातून निघाली. बाळाच्या हातावर औषध लावून अतिशय सौम्य विद्युत्प्रवाहाने घाम आणावयाचा, सुमारे अर्धा तास तो गोळा करावयाचा आणि त्यातील क्लोराइड मोजावयाचे. ते लिटरमागे ६० मिलिमोल किंवा त्याहून अधिक भरले तर रोगाची दाट शंका घ्यावी व चाचणी पुन्हा करून खात्री करावी. सुई टोचावी लागत नाही. हवा असतो तो प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि काळजीपूर्वक केलेले मोजमाप. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील बालरोगतज्ज्ञांनी त्यासाठी कमी खर्चाची देशी साधनेही विकसित केली आहेत.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. हा गोऱ्या लोकांचा रोग. जेथे अतिसार आणि न्यूमोनियालाच औषध पुरत नाही, तेथे या चैनीच्या चाचण्या कशाला? युरोपात अडीच ते तीन हजार जन्मांमागे एक बालक या रोगाचे असते, हे खरे. परदेशांतील भारतीय वंशाच्या कुटुंबांवरून केलेले अंदाज दहा हजारांत एक ते चाळीस हजारांत एक असे आहेत. प्रमाण कमी आहे; परंतु आपल्या देशातील जन्मांची संख्या ध्यानात घेतली तर हा आकडा क्षुल्लक उरत नाही. शिवाय जो रोग शोधलाच जात नाही तो नेहमीच दुर्मीळ दिसतो.

निदान झाल्यावर काय, हा पुढचा प्रश्न. औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजारसारख्या गावी एखाद्या शेतकऱ्याच्या किंवा शिक्षकाच्या घरी असे बाळ आहे असे समजा. त्याला प्रत्येक दुधाबरोबर पाचकरसाचे दाणे द्यावे लागतात, अ, ड, ई व के ही जीवनसत्त्वे द्यावी लागतात, डॉक्टरांनी ठरवून दिलेले जादा मीठ द्यावे लागते आणि उन्हाळ्यात ते वाढवावे लागते. रोज छाती थोपटून कफ मोकळा करावयाचा, वाफाऱ्याच्या यंत्राने औषध द्यावयाचे, यंत्राचे भाग उकळून घ्यावयाचे, चुलीचा धूर व खोकणारी माणसे यांपासून मूल जपावयाचे. पुढे वरणभातावर तुपाची धार सढळ हाताने धरावयाची. यातील बरेचसे घरच्या माणसांच्या हातचे आहे. पाचकरसाची औषधे मात्र जन्मभर विकत घ्यावी लागतात, आणि वीज गेली की यंत्र बंद पडते.

याहून अवघड ओझे मनावरचे असते. मूल रोगी निघाले की बोल बहुधा सुनेला लावला जातो. वस्तुस्थिती अशी की, आई व वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आल्याखेरीज हा रोग होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात तो उद्भवण्याची शक्यता चारात एक असते. मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक करण्याची चाल आपल्याकडे आहे. अशा नात्यात एकच सदोष जनुक दोन्हीकडे असण्याचा संभव वाढतो. हे सांगावयाचे ते कुटुंबाला सावध करण्यासाठी. कोणा एकाला आरोपी ठरविण्यास शास्त्रात आधार नाही.

नवीन औषधांनी पाश्चात्त्य देशांतील चित्र पालटले आहे. २०१९ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या तीन द्रव्यांच्या गोळीने असंख्य रुग्णांचा श्वास मोकळा केला. पण तिची तेथील वार्षिक किंमत तीन लाख डॉलरहून अधिक ठेवण्यात आली. ती ज्या जनुकदोषावर मुख्यतः चालते, त्याचे प्रमाण भारतीय रुग्णांत कमी आहे, हेही विसरता येत नाही. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ रोग धोरणाने या रोगाची दखल घेतली, २०२२ साली साहाय्याची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत वाढविली आणि नियुक्त केंद्रांत मुंबईच्या केईएम रुग्णालयाचा समावेश केला. कर्करोगावरील एका औषधासाठी २०१२ साली सक्तीचा परवाना देऊन सरकारने मक्तेदारीला वेसण घातल्याचा दाखलाही आहे. तथापि ज्या बाळाचे निदानच झाले नाही, त्याला धोरण आणि परवाना या दोहोंचाही उपयोग नाही.

म्हणूनच आरंभ तळापासून झाला पाहिजे. परभणीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ साली आणि हिंगोलीचे २०२४ साली सुरू झाले. नांदेडचे तर जुनेच आहे. या तिन्ही ठिकाणी घामाच्या चाचणीची सोय करणे सरकारला अशक्य नाही. २०१३ साली याच राज्यात पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत व शाळांत जातात. तपासावयाच्या मूळ तीस व्याधींत या रोगाचे नाव नव्हते. न हटणारा खोकला, खाऊनही न वाढणारे वजन व तेलकट शौच, आणि खारट घाम ही तीन लक्षणे एकत्र दिसताच बाळाला चाचणीसाठी धाडावे, एवढी सूचना या पथकांना व अंगणवाडी सेविकांना देण्यास नवा कायदा लागत नाही. त्याबरोबरच पाचकरसाच्या औषधांचा मोफत पुरवठा जिल्हा रुग्णालयातून व्हावा. आपल्या बाळाचा घाम खारट लागतो असे एखादी माता सांगत असेल, तर ते वेडगळपणाचे न मानता चाचणीच्या कागदावर उतरविणे हे आरोग्यखात्याचे पहिले कर्तव्य आहे.