दोन मिलिमीटरचा प्रश्न

होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक तरी गिटार आहे आणि प्रत्येक गिटारवाल्याचं एक ठाम मत आहे : नेक जितकी पातळ, तितका हात फास्ट. मला हे बिलकूल पटत नाही. कारण आपल्याच सिलॅबसमध्ये आहे.

एसओएम आठवा. बीमचा ताठपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो. नेकची जाडी २० मिमीवरून १८ वर आणली, तर 'दोनच मिलिमीटर की राव!' असं वाटतं. पण ०.९ चा घन येतो ०.७३. म्हणजे ढोबळ हिशेबानं पाव हिश्शाहून जास्त ताठपणा गेला! इकडे अकॉस्टिकच्या सहा तारा मिळून साधारण सत्तर किलो वजनाइतक्या ताकदीनं नेकला रात्रंदिवस ओढत असतात. आत ट्रस रॉड असतो, कबूल. गिब्सननं तो १९२० च्या दशकात आणला. पण त्याच्यासाठी खाचही लाकडातच पाडावी लागते. मागून फार खरवडलं, तर खाचेखाली पापुद्राच उरायचा.

पातळ नेक वाईटच, असं मी म्हणत नाही. आयबानेझनं १९८० च्या दशकात 'विझार्ड' नेक काढली, पहिल्या फ्रेटपाशी जेमतेम १७-१८ मिमी. वेगवान सोलोवाल्यांनी ती डोक्यावर घेतली. पण बार कॉर्ड धरून तासभर गाण्याला साथ करणाऱ्याचं काय? तळहाताला टेकायला काही मिळत नाही, सगळा भार अंगठ्याच्या बुडाशी येतो. 'हात दुखतो, आपल्याला जमणार नाही' म्हणत गिटार कपाटावर टाकणारे सगळ्यांनी पाहिलेत. त्यातल्या कित्येकांचा हात ठणठणीत असतो, नेक त्यांच्या मापाची नसते इतकंच.

शिवाय नेक म्हणजे एक आकडा नव्हे. नटपाशी सुमारे ४३ मिमी रुंद, बाराव्या फ्रेटपाशी ५२ च्या आसपास. जाडीही तशीच हळूहळू वाढते. घडवणारा कारागीर आधी पहिल्या आणि बाराव्या फ्रेटच्या आसपास, अशा दोन जागी जाडी आणि गोलाई नक्की करतो. मग मधलं लाकूड त्या दोन मापांना जोडत सरळ उतरवतो. आधी सपाट पैलू पाडायचे, मग कानशीनं कडा मोडायच्या, शेवटी पॉलिश पेपर. अधूनमधून स्टीलची पट्टी लावून उजेडाकडे धरायचं. अर्ध्या मिलिमीटरचा फुगवटा डोळ्याला सहज चकवतो, तळव्याला मात्र लगेच टोचतो.

'सीएनसीवर टाका, प्रश्न मिटला!' असं कोणी म्हणेल. मशीन हजार नेक एकसारख्या काढेल, मान्य. पण त्या कोणाच्या हातासाठी, हे तिला आपल्यालाच सांगावं लागेल. आणि ते कळायचं कसं? फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये आपण लॅप जॉइंट करतो, काटकोन तपासून जर्नलवर सही घेतो, की संपलं. एखादा जॉब तरी हातात धरायच्या वस्तूचा द्यावा आणि तो डोळे मिटून, हात फिरवून तपासावा, अशी माझी मागणी आहे. आपण डिझाइन करणार त्या निम्म्या वस्तू शेवटी कोणाच्या तरी हातातच जाणार आहेत.

तोवर एवढं करा. गिटार घ्यायला जाल तेव्हा बार कॉर्ड धरून दहा मिनिटं बसा. अंगठा काय म्हणतो ते ऐका, आकडे नंतर विचारा. बघा पटतंय का!